लाऊडस्पीकरची जोडणी आणि एक राहिलेली कबुली

(दहावीच्या १९८५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर बोलणार आहेत, वकील बोलणार आहेत, अमेरिकेतला एक जण व्हिडिओवरून बोलणार आहे. तू आयुष्यभर दुसऱ्यांचे माईक लावलेस, आता एकदा स्वतः त्याच्यासमोर उभा राहा." मी म्हटलं, "लेका, मला 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' एवढंच येतं." तर म्हणाले, "मग त्यावरच बोल."

म्हणून त्यावरच बोलतो. स्पीकर ॲम्प्लिफायरला कसे जोडायचे, त्यातली ओहमची भानगड काय असते, एवढाच विषय. कंटाळा आला तर जेवणाचा वास येतोच आहे, तांबडा-पांढरा तयार आहे. पण उठू मात्र नका, कारण या विषयात आपल्या शाळेची एक गोष्ट आहे. ती मी चाळीस वर्षांत कुणाला सांगितलेली नाही.

आपल्या वेळचा शाळेचा ॲम्प्लिफायर आठवतोय का? ऑफिसच्या शेजारी, घंटेच्या खाली, एक लाकडी कपाट होतं. त्यात राखाडी रंगाची लोखंडी पेटी. पुढे चार बटणं, एक लाल दिवा. सकाळी प्रार्थनेला तो दिवा लागला, की दहा सेकंद घूं असा आवाज यायचा आणि मग आपल्या प्रतिज्ञेला सुरुवात व्हायची. त्या कपाटाची चावी शिपाईमामांच्या कमरेला असायची. मुख्याध्यापकांनाही माईक लागला तर मामांना हाक मारावी लागायची.

पेटीच्या मागे पितळी स्क्रूंची एक पट्टी होती. त्यावर आकडे होते : ४, ८, १६, आणि शेवटी १००. मामा चौथीपर्यंत शिकलेले. पण त्यांनी त्या प्रत्येक स्क्रूखाली वहीच्या कागदाची चिठ्ठी डकवली होती. सोळाखाली लिहिलं होतं, 'हॉल, दोन डबे, एका दोरीत'. म्हणजे हॉलमधले दोन स्पीकर एकापुढे एक, एकसर जोडायचे आणि सोळाच्या स्क्रूला लावायचे. मशीन बसवायला आलेल्या माणसाकडून ऐकून त्यांनी ते लिहून ठेवलं होतं, आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. ते का बरोबर होतं, हे कळायला मला पुढे तीन वर्षं लागली.

मला त्या पेटीचं वेड होतं. मधल्या सुट्टीत मी मामांच्या मागे मागे फिरायचो. मामा मला तारा सोलायला द्यायचे, पण त्या पट्टीला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "बाळ, ह्ये मशीन म्हंजे मुकं जनावर हाय. वझं जास्त झालं तर त्ये सांगणार न्हाई. वढत ऱ्हातंय, वढत ऱ्हातंय, आणि मग बसतंय. आपणच वळखायचं असतं."

दहावीचं स्नेहसंमेलन १९८४ च्या डिसेंबरात झालं. आपलं ऐतिहासिक नाटक होतं, आठवतं ना? आदल्या दिवशीच्या तालमीत सगळ्यांची तक्रार होती, की मागच्या बाकांवर आवाज पोचत नाही. मी छाती पुढे काढून सांगितलं, "मी बघतो." घरातून दोन स्पीकर आणले. काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे स्पीकरला तोटा नव्हता. मागे छापलं होतं, आठ ओहम. त्याचा अर्थ मला कळत नव्हता, आणि कळत नाही हेही कळत नव्हतं.

संमेलनाच्या दिवशी मामा खुर्च्या लावण्यात गुंतले होते. मी कपाटामागे शिरलो. सोळाच्या स्क्रूला मामांची तार होतीच. त्याच स्क्रूला मी माझ्या दोन्ही स्पीकरच्या तारा गुंडाळल्या आणि पाना आवळला. चालू केलं, तर मागचे बाक खणखणीत. मला वाटलं, जिंकलं!

पहिला अंक नीट गेला. दुसऱ्या अंकात फ्यूज उडाला. मामांनी काड्यापेटीत जपून ठेवलेला जादा फ्यूज काढून लावला. पंधरा मिनिटांत तोही उडाला. मामा पेटीला हात लावून म्हणाले, "ही एवढी तापायचं कारण काय?" जादा फ्यूज संपले होते. "बंद ऱ्हाऊ दे, मी दुकानातनं घेऊन येतो," असं मला बजावून ते सायकल काढून बाहेर पडले.

इकडे हॉलमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या. आपला एक मित्र तलवार उपसून स्टेजवर तसाच उभा. तो आज इथे दुसऱ्या ओळीत बसलाय आणि हसतोय. पडद्यामागून कुणीतरी ओरडलं, "अरे, कर की काहीतरी!" आणि मी केलं. चॉकलेटचा चंदेरी कागद उडालेल्या फ्यूजभोवती गुंडाळला आणि फ्यूज परत बसवला. काकांच्या दुकानात कुणालातरी तसं करताना मी पाहिलं होतं.

आवाज आला. टाळ्या पडल्या. वीस मिनिटांनी कपाटातून जळक्या व्हार्निशचा वास आला, मग धूर आला, आणि ॲम्प्लिफायर कायमचा गेला.

मी घाबरलो. कुणी यायच्या आत चंदेरी कागद काढून खिशात घातला. माझ्या स्पीकरच्या तारा ओढून काढल्या. त्यामुळे नंतर टॉर्च घेऊन जे आले, त्यांना दिसली ती फक्त मामांची जोडणी, जळलेली पेटी आणि एक गोष्ट : मामा जागेवर नव्हते. "मशीन चालू ठेवून गेले", असं झालं. कुणाला दोष देत नाही. समोर जे दिसलं त्यावरून कुणीही तेच म्हटलं असतं. मामा फ्यूज मुठीत घेऊन परत आले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कपाटाची चावी मामांकडून काढून ऑफिसात ठेवली गेली. पुढे नवीन ॲम्प्लिफायर आला, पण मामांनी त्याला हात लावलेला मी पाहिला नाही. प्रार्थनेच्या वेळी ते घंटेजवळ उभे असायचे आणि दुसरंच कुणीतरी बटण दाबायचं.

आता त्या रात्री नेमकं काय झालं, ते सांगतो. विज्ञानाचे सर समोर बसलेत, चुकलं तर कान धरा.

सर, तुम्ही त्याच वर्षी आम्हाला रोधांची एकसर आणि समांतर जोडणी शिकवली होती. एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते. समांतर जोडणीत उलटं होतं, एकूण रोध सगळ्यात लहान रोधापेक्षाही कमी येतो. सहामाहीत त्यावर गणित होतं आणि मला ५ पैकी ५ मिळाले होते. पण कागदावरचा तो रोध म्हणजे माझ्या हातातला स्पीकर, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

ते आलं तीन वर्षांनी, कळंबा रोडच्या आय.टी.आय.मध्ये. निदेशकांनी फळ्यावर एक ॲम्प्लिफायर काढला, त्याला आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले आणि विचारलं, "ॲम्प्लिफायरवरचा भार वाढला का कमी झाला?" अर्धा वर्ग म्हणाला, "कमी झाला. आठाचे चार झाले." माझ्या पोटात मात्र गोळा आला.

कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. ओहम हा अडथळ्याचा आकडा आहे. अडथळा कमी झाला, की जास्त धारा वाहते, आणि ती धारा पुरवायची असते ॲम्प्लिफायरला. आपल्यातले जे उसाला पाणी पाजतात त्यांना हे लगेच कळेल. एका पाटावर एक दारं उघडलं तर एका वाफ्यापुरतं पाणी जातं. त्याच पाटावर शेजारची चार दारं उघडली, तर पाण्याला वाट मोकळी होते, पण पाट रिकामा होतो आणि सगळा ताण पंपावर येतो. समांतर जोडलेला प्रत्येक स्पीकर म्हणजे उघडलेलं एक दारं.

आकड्यांत सांगतो. समजा ॲम्प्लिफायर २० व्होल्ट देतोय. आठ ओहमचा एक स्पीकर लावला तर अडीच अँपिअर धारा जाते, म्हणजे ५० वॅट. तसेच दोन समांतर लावले तर चार ओहम, ५ अँपिअर, १०० वॅट. चार लावले तर दोन ओहम, १० अँपिअर, २०० वॅट. ॲम्प्लिफायर ५० वॅटचाच असेल तर तो मागणी नाकारत नाही. आधी देतो, मग तापतो, मग जळतो. मामांच्या भाषेत, वढत ऱ्हातंय आणि मग बसतंय.

आता आपली पेटी. मामांचे दोन डबे आठ-आठ ओहमचे, एकसर, म्हणून सोळा. सोळाच्या स्क्रूला सोळाचा भार, अगदी चोख. माझे दोन आठाचे स्पीकर त्याच स्क्रूला समांतर, म्हणजे त्यांचे चार. सोळा आणि चार समांतर म्हणजे ३.२ ओहम. जिथे सोळा हवेत तिथे सव्वातीन! बिचाऱ्या पेटीकडे मी पाचपट धारा मागत होतो. फ्यूजने दोनदा सांगितलं, की हे झेपत नाही. तिसऱ्यांदा मी त्याचंच तोंड चंदेरी कागदाने बंद केलं.

सगळ्यात लागणारी गोष्ट ही, की स्पीकर चारही चालले असते. दोन-दोन एकसर जोडून सोळाच्या दोन जोड्या करायच्या, त्या दोन जोड्या समांतर लावायच्या, की एकूण आठ ओहम. मग तार सोळावरून काढून शेजारच्या आठच्या स्क्रूला लावायची. एका स्क्रूचं अंतर. पाच मिनिटांचं काम होतं, आणि मागच्या बाकांना आवाजही मिळाला असता.

आता 'इम्पिडन्स' हा शब्द कुठून आला ते सांगतो. मराठी पुस्तकात त्याला प्रतिबाधा म्हणतात, आमच्या धंद्यात नुसतं 'ओहम किती?' असं विचारतात. रोध हा बॅटरीच्या सरळ धारेसाठी. आवाजाची धारा मात्र सेकंदाला शेकडो, हजारो वेळा दिशा बदलते. स्पीकरच्या आत चुंबकात तारेचं वेटोळं असतं, ते या बदलत्या धारेला जास्त अडवतं, आणि प्रत्येक सुराला वेगळं अडवतं. तो एकूण अडथळा म्हणजे इम्पिडन्स. त्यामुळे आठ ओहमच्या स्पीकरला मल्टिमीटर लावला तर साधारण सहा दाखवतो, कारण मीटर सरळ धारेने मोजतो. यावरून गिऱ्हाइकांनी माझ्याशी भांडणं केली आहेत : "आठाचा म्हणून सहाचा गळ्यात मारलास!" आणि खर्जातल्या एका ठरावीक सुराला तोच स्पीकर तीस-चाळीस ओहमही होतो. आठ हा चपलेच्या नंबरासारखा समजा. पाय काही दर ठिकाणी तेवढाच नसतो, पण खरेदीला नंबर लागतो.

गुरुजनांसमोर आणखी एक सांगायला हवं. ज्याच्या नावाने ओहम आहे तो गेऑर्ग ओहम जर्मनीत कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारा शिक्षक होता. १८२७ साली त्याने आपला नियम पुस्तकात मांडला, तेव्हा त्याच्याच देशात त्याची फारशी कदर झाली नाही. आणि 'इम्पिडन्स' हा शब्द १८८६ साली दिला तो ऑलिव्हर हेविसाइडने. हा लंडनचा, तारखात्यात काम केलेला माणूस, सोळाव्या वर्षी शाळा सुटली, आणि लहानपणच्या आजाराने त्याला कमी ऐकू यायचं. स्पीकर जोडणारा प्रत्येक जण आज ज्याचा शब्द वापरतो, त्यालाच नीट ऐकू येत नव्हतं.

आय.टी.आय. झाल्यावर मी एका साऊंडवाल्याकडे लागलो. पहिलं मोठं काम खासबाग मैदानातल्या कुस्त्यांचं. शाहू महाराजांनी मैदान असं बांधलंय, की कुठूनही आखाडा दिसतो. पण दिसतो म्हणून निवेदकाचा आवाज पोचतो असं नाही. चारी बाजूंना खांबांवर कर्णे बांधायचे आणि ॲम्प्लिफायर एका कोपऱ्यात. तार पन्नास मीटर, शंभर मीटर. इथे मला दुसरा धडा मिळाला : तारेलाही रोध असतो.

अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक तांब्याची तार घ्या. पन्नास मीटर जायला आणि पन्नास यायला, म्हणजे शंभर मीटर. तिचा रोध साधारण साडेतीन ओहम. पुढे चार ओहमचा भार असेल तर जवळजवळ अर्धी शक्ती तारेतच जाते. तार गरम आणि कर्णा गप्प. मग लोक म्हणतात, "ॲम्प्लिफायर मोठा आणा." मोठा आणून उपयोग काय? तोही तारच तापवणार!

त्यासाठी तो शेवटचा १०० चा स्क्रू असतो. वीज मंडळ गावोगावी वीज नेताना ११ हजार व्होल्टने नेतं आणि गावात ट्रान्सफॉर्मर लावून उतरवतं, तेच इथे लहान प्रमाणात. ॲम्प्लिफायर आवाज शंभर व्होल्टवर चढवून पाठवतो, आणि प्रत्येक कर्ण्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर तो उतरवतो. दाब जास्त म्हणून त्याच शक्तीला धारा कमी लागते, आणि धारा कमी म्हणून तारेत नुकसान कमी. सोळा ओहमचा दहा वॅटचा कर्णा ट्रान्सफॉर्मरमधून पाहिला तर लाइनला तो हजार ओहमचा दिसतो. असे दहा कर्णे समांतर लावले तरी शंभर ओहम. त्याच बारीक तारेत आता नुकसान फक्त तीन-साडेतीन टक्के.

आणि यात सगळ्यात सोयीचं काय, तर गणित सोपं होतं. वन अपॉन आर नको, एकसर-समांतर नको. प्रत्येक कर्ण्याचे वॅट लिहायचे आणि बेरीज करायची. बेरीज ॲम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा कमी हवी, थोडी जागा शिल्लक ठेवून. चौथी शिकलेल्या माणसालाही हे करता येतं. मुद्दाम सांगतोय.

अधेमधे कुणीतरी विचारेल म्हणून डॉल्बीबद्दलही बोलतो. आपल्याकडे महाद्वार रोडवर मिरवणुकीत जी स्पीकरची भिंत चालते तिला आपण डॉल्बी म्हणतो. गंमत अशी, की रे डॉल्बी हा माणूस नावारूपाला आला तो टेपमधली खरखर कमी करण्याच्या शोधामुळे. आवाज वाढवण्याशी त्याचा काही संबंध नाही! तिथेही तोच लोभ असतो : आणखी एक बॉक्स समांतर लाव, आणखी एक लाव, दोन ओहमवर आण. पण शक्ती दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल, कानाला जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला दहापट शक्ती लागते. पेट्या जळतात, कान जातात, शेजारचं म्हातारं माणूस रात्रभर तळमळतं. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. मी धंद्यात असूनही या बाबतीत नियमाच्या बाजूने आहे. 'चाललंय तर आणखी एक लाव' याचा शेवट मी दहावीतच पाहिलाय.

आता राहिलेली गोष्ट.

दुकान टाकल्यावर, साधारण १९९६ साली, मी मामांना भेटायला गेलो. ते तोवर निवृत्त होऊन करवीर तालुक्यातल्या आपल्या गावी राहत होते. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. मामांनी ओळखलं. चहा झाला. मग ते आतून त्यांचा ट्रान्झिस्टर घेऊन आले, म्हणाले, "बघ बरं, लई खरखरतंय." मी उघडला. सेलच्या पत्र्याला गंज चढला होता आणि स्पीकरची एक तार सुटायला आली होती. पत्रा घासला, तारेला डाग दिला. आकाशवाणी सांगली लागली. मामा खूश झाले. बायकोला हाक मारून म्हणाले, "ह्यो आमच्या शाळंतला पोरगा. म्याच शिकवलाय ह्याला तारा सोलायला."

त्यानंतर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. "येतो मामा," म्हटलं आणि निघालो. गाडीवर बसताना वाटलं, पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी गेलो तो त्यांच्या बाराव्याला.

चावी गेल्यावर पुढची कितीतरी वर्षं मामा रोज त्या कपाटासमोरून गेले असतील. त्यांनी माझं नाव कधी घेतलं का? त्यांना कळलं होतं का? ती पेटी अशी का तापते, हे त्यांनी तेव्हा विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी ते दिलं नाही. आज देतोय. ॲम्प्लिफायर मामांनी जाळला नाही. मामांची जोडणी बरोबर होती. ते मशीन सोडून गेले नव्हते, योग्य फ्यूज आणायला गेले होते. जाळला मी.

आता शेवटचं, आणि मग जेवायला जाऊ.

आपल्या तुकडीच्या वर्गणीतून शाळेला नवी ध्वनियंत्रणा दिली आहे, ती मी गेल्या आठवड्यात बसवली. आत्ता तुम्ही ऐकताय ती तीच. ती कशी जोडली आहे ते इथे सांगून ठेवतो, म्हणजे उद्या कुणाला विचारत बसायला नको.

हॉलसाठी स्वतंत्र ॲम्प्लिफायर आहे. त्याला आठ ओहमचे चार बॉक्स : दोन-दोन एकसर, आणि त्या दोन जोड्या समांतर. एकूण आठ. त्या रात्री जी जोडणी करायला हवी होती, तीच. चारही बॉक्सचं अधिक-उणे सेल लावून तपासलंय. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की पडदा बाहेर यायला हवा. एखाद्याचा आत गेला, तर त्याच्या तारा उलट लागल्या आहेत समजायचं. तसं राहिलं तर दोन बॉक्स एकमेकांचा खर्ज खातात.

वर्गांसाठी आणि मैदानासाठी १०० व्होल्टची लाइन आहे. वीस वर्ग, प्रत्येकी ३ वॅट, म्हणजे ६०. मैदानावर दोन कर्णे, प्रत्येकी १५ वॅट, म्हणजे ३०. बेरीज ९०. ॲम्प्लिफायर १२० वॅटचा. तीस शिल्लक आहेत, त्याला हात लावू नका. या लाइनचा झटका बसतो, म्हणून सगळे जोड झाकणाच्या आत घेतले आहेत. पोरांची बोटं तिथे पोचणार नाहीत.

मुख्याध्यापकांकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, कपाटाच्या दाराला आतून मी एक तक्ता लावलाय, मराठीत, मोठ्या अक्षरात. तो काढू नका. त्यात शेवटची ओळ अशी आहे : फ्यूज दोनदा उडाला तर तिसरा लावू नका, कारण शोधा. दुसरी, कपाटाची चावी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको. ती शिपाईमामांकडे, किंवा आता जे कुणी त्या जागी आहेत त्यांच्या हाती असू द्या. आणि दरवर्षी नववीतला एक मुलगा आणि एक मुलगी त्यांच्या हाताखाली द्या. शिकवायला मी येईन, माझे हातपाय चालतात तोवर.

आणि स्मरणिकेच्या संपादकांना एक विनंती. माझं भाषण लांबलंय, मला माहीत आहे. जागा कमी पडली तर ओहमचं कापा, हेविसाइडचं कापा, डॉल्बीचं तर जरूर कापा. पण संमेलनाच्या रात्रीचं कापू नका. मामांची मुलगी आज इथे आली आहे. शाळेच्या छापील कागदावर ते तिला वाचायला मिळायला हवं.